दुमडलेलं बोट

शाळेच्या कुंपणावरचं घोसाळ्याचं पान चुरगळलं, आणि त्या उग्र, हिरव्या वासाने मी थेट पळसदरीत, शेजारच्या सकूकाकीच्या परसात पोचले.

तिने घोसाळ्याच्या वेलीजवळ काठी रोवली होती. मी सात वर्षांची. ती काठी गुपचूप दुसऱ्या बाजूला रोवायचे. वेलीचा तंतू हवेत चाचपडत दोन दिवसांत तिला गाठायचाच. तिसऱ्यांदा काठी उपटली तेव्हा त्याचा विळखा पक्का बसला होता. तो तुटला.

"काकी, हिला काठी दिसते कशी?" मी रडवेली होऊन बोट दाखवलं.

"दिसत नाय गं, पन कळतंय तिला." काकी रागावली नाही. तिने फक्त माझं बोट दुमडलं. "कोवळ्या घोसाळ्याला सरळ बोट दावू नको. सडतं ते."

आता मी खालापुरात विज्ञान शिकवते. झाडांना मेंदू नसतो, तंतू नुसता फिरत राहतो आणि काठी लागली की वळतो, असं सांगते. "बाई, मग ती हुशारी नाही?" कुणीतरी विचारतंच.

आज मुलांना कुंपणावरची वेल दाखवताना माझं बोट आपोआप दुमडलं. मी ते ठरवलं नव्हतं.