नेटवर्क खराब आहे

माझा थोरला भाऊ वीस वर्षं मालट्रक चालवायचा. मग त्याच्या अंगातली ताकद हळूहळू जायला लागली. आधी पाय गेले. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. हात तेवढे अजून चालत होते.

मी नागापूरला कारखान्यात होतो, रविवारी जामखेडला घरी यायचो. एकदा त्याच्या मोबाईलवर ट्रक चालवायचा गेम लावून दिला. तो गेम मोबाईलमध्ये नव्हताच. कुठल्यातरी लांबच्या कम्प्युटरवर चालायचा आणि आमच्याकडे नेटवरून नुसतं चित्र यायचं.

पहिल्याच घाटात दादा ओरडला, "आरं, गाडी उशिरा वळती! दरीत गेलो की!"

मग मी सेटिंगच्या मागं लागलो. चित्राची क्वालिटी उतरवली, बॅटरी सेव्हर बंद केला, वायफायचा डबा त्याच्या उशाशी आणून ठेवला. तो खेळायला बसला की वहिनी आपला मोबाईल बंद करायची. चित्र पुसट झालं, पण ट्रक बोटाबरोबर वळायला लागला.

"दिसतंय का नीट?" मी विचारलं.

"धुक्यात काय कमी चालवलीय का?" तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो घाटात परत परत कठड्याला धडकायला लागला. मोबाईल खाली ठेवून म्हणाला, "आज नेटवर्क लई खराब हाय."

मी मोबाईल हातात घेतला. नेटचा स्पीड तपासला, उत्तम होता. सगळी सेटिंग जागच्या जागी होती. मी स्वतः ते वळण घेऊन बघितलं, ट्रक जरासुद्धा मागं राहिला नाही. उशीर त्याच्या बोटांत होता.

"व्हय दादा," मी म्हणालो, "नेटवर्कच खराब हाय."

त्यानंतर त्यानं स्वतः खेळायला गेम मागितला नाही. माझ्याकडे मोबाईल द्यायचा आणि मी चालवताना गिअर कधी बदलायचा ते सांगायचा. उन्हाळ्यात तो गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनीला त्या खोट्याबद्दल सांगितलं. ती भांडी पुसत होती, तशीच थांबली.

"त्यांना ठावं हुतं," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी मला म्हनले, हात गेले माझे. धाकट्याला बोलू नको, लई झटलाय त्यो."

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसायला बसलो.