रिकाम्या आकड्यांवरची पाटी

तुमच्या दुकानावरची पाटी तुम्ही कुणासाठी लावली आहे? रस्त्यावरून जाणाऱ्या माणसासाठी, की भिंतीवरच्या फोटोतल्या आजोबांसाठी?

हा प्रश्न मला आमच्या कन्नड मुलखातल्या शहरात, शिवाजीनगरात पडला. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या आजोबांचं शिंप्याचं दुकान होतं. कँटोन्मेंटमधल्या साहेबांचे कोट त्यांनी शिवले, आणि पाटीही त्या काळाला शोभेल अशी करून घेतली. वर कुलदेवीचं नाव, मधे स्वतःचं नाव, खाली इंग्रजीत ‘मिलिटरी अँड सिव्हिल टेलर्स’, आणि कोपऱ्यात कोट घातलेला मिशीवाला माणूस. साहेब गेले, आजोबा गेले, मिशीवाला राहिला. त्याच्याखाली बसून माझी आत्या ब्लाउज शिवायची.

आत्या माहेरी परतलेली होती आणि तिचं पोट त्या मशीनवर होतं. पण ब्लाउज शिवायला बाई येईना. पँट आखूड करायला पुरुष येत, आत बाई बसलेली पाहून पायरीवरूनच वळत. शेवटी काकांनी सांगून टाकलं, “दसऱ्यापर्यंत बघतो. नाहीतर जागा चपलांच्या दुकानवाल्याला देतो. तो मागेच लागलाय.”

मी तेव्हा कॉलेजात होते. वडील कारखान्यात युनियनचं काम करत, त्यामुळे शहराच्या टोकाला येलहंक्याच्या आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. दुकानांच्या पाट्यांचा मला राग यायचा. इंदिरानगरला नव्या दुकानांवर नुसती वळणदार इंग्रजी अक्षरं. आत केस कापतात की केक विकतात, ते कळायला काचेला नाक लावावं लागे. दुकानाच्या गल्लीत किराणावाल्याने एका शीतपेयाच्या कंपनीकडून फुकट पाटी घेतली होती. तिच्यावर बाटली पुरुषभर उंच आणि त्याचं स्वतःचं नाव औषधाच्या चिठ्ठीएवढं. आपल्याच दारावर दुसऱ्याची जाहिरात, आणि वर तो खूश! मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. “फुकट आहे ना, अक्का,” म्हणाला.

आमच्या पाटीला मात्र कुणी हात लावू शकत नव्हतं, कारण ती पाटी राहिलीच नव्हती. ती देव झाली होती. दरवर्षी दसऱ्याच्या आयुधपूजेला कात्री आणि मशीनबरोबर तीही पाटावर बसायची. तिला गंध लागे, हार पडे, तिच्यासमोर कोहळा फुटे. मग ती वर चढली की दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधत आणि ते वाळून गळेपर्यंत कुणी सोडत नसे. नाव हाराखाली, धंदा केळीखाली. पूजेआधी पेंटर ती रंगवायला नेई. तेवढाच तिचा पाटी म्हणून उपयोग.

त्या वर्षी पेंटरकडे सगळ्या शिवाजीनगरच्या पाट्या आल्या. आमची अडकली. दारावर नुसते लोखंडी आकडे राहिले. आत जागा कमी, इस्त्री केलेले ब्लाउज चुरगळत होते, म्हणून आत्याने ते हँगरला लावून त्या आकड्यांवर टांगले. एक शेंदरी, एक मोरपंखी, एक काळा, जरीच्या काठाचा.

दुपारी बसमधून उतरलेली एक बाई थेट पायरी चढली. “अक्का, ब्लाउज होलीतीरा?” शिवता का, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली. मग फुलवाली आली, शाळेतल्या बाई आल्या. सण तोंडावर होता, प्रत्येकीला घाई होती. आत्या मान वर न करता म्हणायची, “स्वल्प थांबा, माप घेते.” काज-बटणाला मला बसवलं.

पूजेच्या आदल्या दिवशी काका पाटी घेऊन आले. पाटीवरच्या मिशा नव्याने काळ्या झाल्या होत्या.

“हे काय?” काकांनी वर पाहिलं. “धोब्याचं दुकान वाटतंय!”

“वाटू दे. धोब्याकडे निदान बायका येतात.”

“काढ ते. वडिलांची पाटी चढवायचीय.”

“चढवू नका, अण्णा.” आत्याने सुई ठेवली. “आत लावू. देवाशेजारी.”

“वडिलांचं नाव रस्त्यावरून काढणार तू?”

“त्यांना नमस्कार आपण करतो. बसमधून उतरणारी बाई करत नाही. तिला ब्लाउज हवाय.”

काका काही बोलणार तोच एक बाई कापडाची पिशवी घेऊन त्यांच्या अंगावरूनच आत शिरली. “सरका हो स्वल्प,” म्हणाली. काका पाटीसकट सरकले. मग त्यांनी आत भिंतीवर खिळा कुठे ठोकायचा ते विचारलं. त्या वर्षी आजोबांच्या पाटीची पूजा झाली ती तशीच राहिली, आत, हारासकट.

बाहेरच्या नव्या पाटीचा मजकूर मी लिहिला. शिलाई, अस्तर, फॉल-पिको, वेळेवर काम, श्रमाला मान. आत्याने वाचला आणि म्हणाली, “हे सगळं वाचेपर्यंत बस येलहंक्याला पोचेल.” शेवटी कन्नडमध्ये ठळक एकच शब्द राहिला, ‘ब्लाउज’, कारण गल्लीतल्या बायका कन्नड वाचत. शेजारी एक शेंदरी ब्लाउज रंगवला, वाचता न येणारीसाठी. श्रमाचा मान मी सोडायला तयार नव्हते. आत्या म्हणाली, तो दारात लिहून मिळत नाही. केळीचे खुंट त्या वर्षी पायरीच्या कडेला बांधले, पाटीपासून लांब.

चपलांच्या दुकानवाल्याचं नाव काकांनी पुन्हा काढलं नाही. आत्याने पुढे मदतीला एक बाई ठेवली.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. उद्या दुकान उघडलं की रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जा. तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणालाही थांबवा आणि विचारा, त्या दुकानात काय मिळतं? तो अडखळला, तर पाटी खाली उतरवा. देवाचं नाव असेल तर नमस्कार करून उतरवा, पण उतरवा. आणि जे विकता, ते त्या आकड्यांवर टांगा.