पहिल्या छापाची तबकडी

सारंगखेड्याच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा घोडेबाजारात एक माणूस दरवर्षी दिसायचा. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या एकेक करून उन्हात धरून बघायचा. त्याला एकाच गाण्याची, तीही पहिल्या छापाची तबकडी हवी होती. मी नव्या छापाची दाखवली, तर म्हणाला, "ही नको, गुरुजी. पहिलीमा गाना आधी बाई जराशी खोकस. मन्ही बायको तठेच हासे."

बायको जाऊन सात वर्षं झाली होती.

त्या वर्षी ती तबकडी सापडली. दुकानदारानं लावली, बाई खरंच खोकली. मला हसू आलं. त्याला नाही. तबकडी उपरण्यात गुंडाळत तो म्हणाला, "सापडनी. आते सांगू कोनले?"

"मला सांगा," असं म्हणायला हवं होतं. सुचलं तेव्हा तो घोड्यांच्या गर्दीपलीकडे, तापीच्या उतारावर पोचला होता.