रिस्परची मापवही

उगुन्जाच्या बाजारात, ओमेनाची सुकट विकणाऱ्या बायकांच्या पाठीमागे, पत्र्याच्या पडवीत रिस्पर अविनोचं शिलाई मशीन होतं. सुकटीचा वास तिच्या कापडात मुरायचा. गिऱ्हाइकं त्याला सरावली होती. रिस्परचा टेप अंगावरून एकदाच फिरे आणि माप चुकत नसे, एवढं त्यांना पुरे होतं.

त्या वर्षी मात्र पायडल मारताना तिला धाप लागू लागली. गर्भाशयात गाठ होती, महिन्याच्या महिन्याला रक्त वाहून जायचं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "गाठ काढू. पण हिमोग्लोबिन दहावर आणा. सातावर मी सुरी लावणार नाही." लोहाच्या गोळ्या दिल्या. चार महिने गोळ्या खाऊन आकडा सातावरच. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली. आणि डिसेंबरात डॉक्टर बदलून जाणार होते. नवे कधी येतील, येतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

रिस्पर रडली नाही. तिनं मापवही उलटी केली आणि मागच्या पानापासून स्वतःचं माप लिहायला घेतलं. रोज काय खाल्लं, किती खाल्लं, जिना चढताना किती वेळा थांबले. संध्याकाळी मशीनवर झाकण घातलं की ती फोनवर वाचत बसे. कुणी बीट सांगे, कुणी काळा गूळ, कुणी समुद्रातल्या शेवाळाची पूड. प्रत्येक सल्ल्यापुढे ती आणखी एक रकाना ओढी: हा माणूस काय विकतो? तो रकाना भरला की बरेचसे सल्ले आपोआप गळून पडत.

शिलाईतला एक नियम तिनं इथंही पाळला. झगा अंगाला बसला नाही तर सगळ्या शिवणी एकदम उसवायच्या नसतात. एक उसवायची, घालून बघायचं, मग दुसरी.

पहिली शिवण भाजीची. सासरी ओसुगाची कडू पालेभाजी दूध घालून दोन-दोन दिवस मुरवत ठेवायची रीत. दुधानं भाजीतलं लोह अंगी लागत नाही, असं तिनं तीन ठिकाणी वाचलं, तेव्हा कुठं भाजीत टोमॅटो घातला आणि वरून लिंबू पिळलं.

नवरा बोनिफेस ताटाकडे बघत म्हणाला, "गाय रुसली का आपल्यावर?"

"गाय ठीक आहे. मी ठीक नाही."

तो ताट ओढून जेवला. तीन आठवड्यांनी आकडा सात पूर्णांक सहा झाला. हलला, पण या चालीनं डिसेंबर गाठणं कठीण होतं.

ऑगस्टात पामेला आतिस गायनवृंदाच्या नाताळातल्या झग्याचं माप द्यायला आली. पामेला तिची जुनी मैत्रीण. पौष्टिक भुकटीचे डबे विकणाऱ्या कंपनीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती आणि आता बाजारभर आहारसल्लागार म्हणून मिरवत होती. आल्या आल्या तिनं एक चकचकीत डबा मशीनवर ठेवला.

"न्यार गेम, आता तरी ऐक. एक चमचा सकाळी, एक रात्री. महिन्यात नाचायला लागशील."

रिस्पर लग्नाला वीस वर्षं होऊनही सगळ्यांची 'न्यार गेम', गेम गावची लेकच होती. तिनं चष्मा चढवून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. "पाम, अगं यात लोह माझ्या फुकटच्या गोळीच्या चौथाईएवढं. बाकी दुधाची भुकटी."

"पण डबा केवढा आहे बघ!"

"डब्यात मला झोपायचंय का?"

पामेला खळखळून हसली. रिस्परनं टेप तिच्या कमरेभोवती नेला आणि हात थांबवला. "श्वास सोड."

"सोडलाय की."

"पोट आत ओढलंयस. कपडा तुझ्या पोटाला शिवायचाय, तुझ्या हौसेला नाही."

पामेलानं श्वास सोडला. टेप चार बोटं सरकला. आकडा लिहायला रिस्परनं वही ओढली, पेन्सिलीसाठी खण उघडला. पेन्सिलीशेजारी कागदाच्या पुडीत ओडोवा होते, बाजारात खायला ढिगानं मिळतात ते मऊ मातीचे दगड. त्यातला एक तिनं सवयीनं दातांखाली धरला आणि तशीच थबकली.

वहीत शेंगदाण्याची मूठसुद्धा लिहिलेली होती. दगड कुठंच नव्हते. दगडांना कोण जेवण म्हणतं? आणि सकाळचा चहा? अख्खी गल्ली गोळी गिळते ती दुधाच्या गरम चहाबरोबर. तोही नव्हता.

"काय झालं?" पामेलानं विचारलं.

"काही नाही. मीपण पोट आत ओढून माप दिलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात सिस्टरला दोन्ही गोष्टी सांगितल्या. सिस्टरनं कपाळावर हात मारला. "चहानं गोळी वाया जाते, दगडांनी त्याहून जास्त. इतके महिने बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'काय खाता' विचारलं होतं."

सिस्टर हळूच म्हणाली, "पोटुशी होते तेव्हा मीही खायचे. तो ओल्या मातीचा वास..."

"हो," रिस्पर म्हणाली. "तो वास."

या वेळी तिनं आपला नियम मोडला, दोन्ही शिवणी एकदम उसवल्या. पहाटे गोळी, पाणी आणि लिंबू. चहा दोन तासांनी. पुडी ओमेनावाल्या बाईच्या हाती देऊन म्हणाली, "मागितली तरी देऊ नका." पहिल्या आठवड्यात तिनं दोनदा मागितली. बाईनं एकदा दिली. वहीत तेही आलं.

आठ पूर्णांक चार. मग नऊ पूर्णांक एक. नोव्हेंबरच्या मध्यावर सिस्टरनं कागद हातात धरून दाराकडे बघितलं. "नऊ पूर्णांक सात. दहा लिहू का? एवढ्याशानं काय होतंय."

रिस्परच्या घशाशी 'हो' आलं होतं. तारीख तिथंच, त्या टेबलावर होती.

"नको," ती म्हणाली. "आहे तेवढंच लिहा."

डॉक्टरांनी नऊ पूर्णांक सात वाचलं आणि नकारार्थी मान हलवली. रिस्परनं वही पुढं सरकवली. ते पानं उलटत राहिले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं: 'एक दगड. मागून घेतला.' ते हसले नाहीत. पुढचे आकडे त्यांनी बोटानंच जोडत नेले.

"तीन डिसेंबर," ते म्हणाले. "त्या सकाळी पुन्हा रक्त तपासू. या चालीनं दहा होईल."

बाजारात परतल्यावर तिनं तारीख वहीत लिहिली. मग पामेलाचा झगा मशीनवर घेतला. पामेलाचं पोट त्यात ऐसपैस मावेल, एवढी शिवण तिनं सैल सोडली होती. पायडलवर पाय ठेवला. धाप लागली, पण उशिरा.