पेन वर केलं की वहिनी

माझ्या वहिनीला ऑफिसात सगळेच वहिनी म्हणतात, आणि याला कारण मी. भावाची बायको शेजारच्याच खुर्चीवर बसते, तिला मी दुसरी काय हाक मारणार? मी मारायचे, ती बाकीच्यांनी उचलली. त्यातल्या एकाच्याही भावाशी तिचं लग्न झालेलं नाही, पण दिराचा हक्क मात्र सगळ्यांनी गाजवला.

आमचं काम तक्रारी ऐकण्याचं. फ्रिज गार होत नाही, वॉशिंग मशीनमधून पाणी गळतं, मेकॅनिक येतो म्हणाला आणि आलाच नाही. दुपारपासून रात्रीपर्यंत कानाला हेडफोन लावून शिव्या खायच्या आणि वर "आपली गैरसोय झाली, क्षमस्व" म्हणायचं. तो फ्रिज आम्ही बनवलेला नाही, विकलेला नाही, आणि आमच्या घरी तर त्या कंपनीचा नाहीच.

या खोलीत एक रीत पडली आहे. समोरचा माणूस फारच पेटला, की हातातलं पेन डोक्याच्या वर धरायचं. तोंडाने हाक मारता येत नाही ना, ग्राहक ऐकत असतो. पेन दिसलं की वहिनी बटण दाबून तो कॉल स्वतःच्या कानावर घेते. लोकांना वाटतं ती काही जादू करते. जादूबिदू काही नाही. ती मधे तोंड घालत नाही, एवढंच. माणूस बोलून बोलून रिकामा होईपर्यंत ऐकते आणि मग विचारते, "आधी मला सांगा, फ्रिजमधलं सामान कुठे ठेवलंय?" हे आजवर त्याला कुणीच विचारलेलं नसतं. तिथून तो मऊ पडतो. पण असं ऐकायला वेळ लागतो, आणि नेमकं इथेच माझं डोकं फिरतं.

भिंतीवर एक मोठी स्क्रीन आहे. प्रत्येक खुर्चीपुढे रंग. झटपट आणि भरपूर तक्रारी मिटवल्या तर हिरवा, रेंगाळलात तर पिवळा, फारच रेंगाळलात तर लाल. आणि दुसऱ्याचा कॉल घेतला तर? तर मिटलेली तक्रार ज्याने फोन आधी उचलला त्याच्या खात्यावर, आणि बोलण्यात गेलेली मिनिटं जो बोलला त्याच्या डोक्यावर. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. चार वर्षं वहिनीने खोलीभर हिरवळ फुलवली आणि स्वतः लाल होऊन बसली. मी एकदाही तिच्यासमोर पेन वर केलं नाही. पण मी एकटीने न करून काय होणार?

पेन वर करण्यात पहिला नंबर लोण्याचा. हे नाव मीच ठेवलंय. साहेबांशी बोलताना त्याचा आवाज असा काही होतो, की पावाला लावून खावा. "वहिनी, तुमच्याशिवाय आमचं काय झालं असतं हो!" असं म्हणत हा चहाला जायचा, आणि वहिनी त्याचा ग्राहक समजावत बसायची. तिचा चहा बुडायचा, आणि चहाबरोबर घरचा फोनही.

चहाच्या सुट्टीत ती माझ्या भाचीला फोन करते. माझा भाऊ ट्रक चालवतो, निम्मा महिना बाहेर. भाची दहावीला. ती शाळेतून येते तेव्हा आम्ही दोघी निघून गेलेल्या, आम्ही परततो तेव्हा ती झोपलेली. सकाळी वेणी घालून होईपर्यंत काय ती मायलेकींची भेट. म्हणून त्या संध्याकाळच्या फोनवर दोघींचा जीव. वहिनी अडकली की तिच्याऐवजी मी फोन लावते, आणि पोरगी पहिलं हेच विचारते, "आज कुणाचा कॉल घेतलाय तिने? लोण्याकाकाचा?" तिने त्याला कधी पाहिलेलं नाही, पण नाव पाठ.

या वर्षी बातमी आली, की एक जागा कायम होणार. कायम म्हणजे दिवसपाळी. दिवेलागणीला घरी. वहिनी स्वतःसाठी कधी काही मागत नाही, पण त्या दिवशी घरी भांडी विसळता विसळता म्हणाली, "मला ही जागा हवी आहे गं. आता लेक माझ्याशी बोलते. आणखी दोन वर्षांनी बोलेलच असं नाही."

"मग हा महिना कुणाच्या पेनाकडे बघायचं नाही," मी म्हटलं.

"अगं, पण ती पोरं बिचारी..."

"पोरं? मिशा आहेत त्यांना! तुझी पोर घरी आहे."

तिने ऐकलं. मला खरं वाटत नव्हतं, पण ऐकलं. महिनाभर मान खाली घालून फक्त स्वतःचे कॉल मिटवले. पेनं वर झाली, हलली, खाली आली. लोण्या तर एकदा दोन्ही हातांत पेनं धरून बसला. वहिनी लालवरून पिवळ्यावर आली आणि महिना सरता सरता रांगेत सगळ्यांत हिरवी झाली. स्क्रीनकडे बघून मला नाचावंसं वाटायचं. ती मात्र डबा उघडून नुसती चिवडत बसायची. "काल तो अगदी रडवेला झाला होता गं," म्हणायची. "रडू दे, पगार घेतो ना?" मी म्हणायचे.

मग एका दुपारी साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. वहिनी बाहेर आली आणि खुर्चीवर बसून हेडफोनची वायर बोटाला गुंडाळायला लागली.

"काय म्हणाले?"

"काम उत्तम आहे म्हणाले."

"मग?"

"सहकाऱ्यांना मदत करत नाही, अशी तक्रार आहे म्हणाले. एकाची नाही, सगळ्यांची. कायमच्या माणसाने सगळ्यांना सांभाळून घ्यायला हवं म्हणे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं केलेली मदत कुणाला दिसली नाही, आणि महिनाभर न केलेली लगेच दिसली! मी दारही न वाजवता साहेबांच्या खोलीत शिरले आणि हे असंच्या असं त्यांना ऐकवलं.

"बाई, आधीच्या मदतीची सिस्टिममध्ये नोंद नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "तक्रारीची आहे."

"आणि जागा कुणाला?"

त्यांनी काचेतून लोण्याकडे बोट दाखवलं. "त्याचे वर्षभराचे ग्राहक बघा ना. सगळ्यांत चिडलेली माणसं त्याने शांत केलीत."

"त्याने? अहो, ती सगळी वहिनीने शांत केलीत!"

"तुम्ही त्यांच्या नणंद ना?" साहेब हसले. "मग तुम्ही त्यांच्याच बाजूने बोलणार."

जगात पहिल्यांदाच कुणी नणंदेला वहिनीची बाजू घेते म्हणून हाकललं असेल. बाहेर लोण्या सगळ्यांशी हात मिळवत फिरत होता. "तुमचे आशीर्वाद, वहिनी," म्हणाला, आणि ती चक्क हसली. मी दातओठ खात हेडफोन चढवला.

चहाची सुट्टी व्हायच्या बेतात माझ्या कानावर एक माणूस आला. फ्रिज बंद, वडिलांची इंजेक्शनं वाया गेलेली, मेकॅनिकचा पत्ता नाही. तो ओरडत होता, आणि त्याचं काहीच चुकत नव्हतं. पण माझ्या डोक्यात साहेब होते, लोण्या होता, वहिनीचं ते हसणं होतं. तोंड उघडलं असतं तर सगळा राग त्या बापड्यावर निघाला असता आणि माझी नोकरी तिथेच संपली असती. मी ओठ आवळून धरले.

वहिनीने शेजारी मोबाइल हातात घेतला होता. जागेचं काय झालं ते लेकीला सांगायचं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग जरा वर बघितलं. तेव्हा मला कळलं, की माझा हात वर आहे आणि हातात पेन आहे.

तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला आणि बटण दाबलं. "बोला दादा, मी ऐकतेय."

मी घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"आई?"

"आत्या बोलतेय गं."

"हं. आज कुणाचा कॉल घेतलाय तिने? लोण्याकाकाचा?"

शेजारी वहिनी विचारत होती, की बाकीचं सामान कुठे ठेवलंय.

"नाही बाळा," मी म्हटलं. "माझा."