सिक गाडीचा कॉम्प्युटर

उत्तरेच्या पहाडातल्या त्या युनिटमध्ये माझी पोस्टिंग आली तेव्हा मी नायक होतो. ट्रेड, व्हेइकल मेकॅनिक. गाव चंदगड तालुक्यात. दहावीनंतर शाळा सोडलेली. इंग्रजी आजही बोट ठेवून वाचतो. पण इंजिनाच्या आवाजावरून कुठला सिलिंडर मार खातोय ते सांगायचो. हे हुनर मला फौजेनं दिलं, पोटाला दिलं. ते मी विसरलेलो नाही. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवावं.

०५३० ला उठायचं, ०६१५ ला पीटी, ०८०० ला वर्कशॉप. आमच्याकडे दोन पिकअप होत्या. एक राशनची. दुसरी सिक गाडी, म्हणजे वरच्या पोस्टवर कोणी आजारी पडला की त्याला खाली आणणारी. ती लान्स नायक मिलिंद चालवायचा. गाव आसेगाव, जिल्हा वाशिम. युनिटमध्ये मराठी आम्ही दोघंच. माझं मराठी त्याला साहेबी वाटायचं आणि त्याचं मला निम्मं कळायचं.

“तुमी कोल्हापूरवाले तिखटाच्या गोष्टी सांगता,” तो म्हणायचा. “माह्या मायचा ठेचा खाऊन पाहा एकडाव. पानी मांगत पयसान.”

वर्कशॉपची एक रीत होती. काम झालं की मेकॅनिक आणि ड्रायव्हरनं मिळून गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवायची. मगच दोघांनी जॉब कार्डवर सही करायची. तिला आम्ही गरम ट्रायल म्हणायचो. मिलिंद कधी चुकवायचा नाही. ट्रायल झाली की बॉनेटवर दोनदा थाप मारायचा आणि सही करायचा.

त्या वर्षी राशनच्या पिकअपचा कॉम्प्युटर बिघडला. आजकालच्या डिझेल गाडीत इंजिनाला किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, हे एक कॉम्प्युटर ठरवतो. वहीएवढा ॲल्युमिनियमचा डबा असतो. आतल्या सर्किटचा एखादा टाका सुटला असेल तर गाडी थंडीत छान चालते, तापली की अचानक बंद. वीस मिनिटं थंड होऊ द्या, पुन्हा सुरू. नवा मागवला होता. चार महिने आला नव्हता.

इन्स्पेक्शन आलं. फौजेच्या कागदावर गाडी एक तर ऑन रोड असते, नाही तर ऑफ रोड. ऑफ रोडच्या रकान्यात आकडा दिसला की वर्कशॉपची मान खाली. आदल्या दिवशी १५०० ला सुभेदार साहेबांनी मला बोलावलं.

“सिक गाडी कल लाइन में नहीं होगी?”

“नहीं साब. पोस्ट पे जाएगी.”

“उसका कॉम्प्युटर इसमें डाल. इसका उसमें. एक दिन की बात है.”

“साब, गरम होके बंद होगी.”

“ग्यारह किलोमीटर है. सुबह की ठंड है. ड्रायव्हर को मत बोलना, बात फैलती है.”

मी दोन्ही डबे बदलले. नुसता डबा बदलून भागत नाही. चावीचं लॉक त्याच्याशी जोडलेलं असतं, तेही सोबत बदलावं लागतं. प्रत्येक इंजेक्टरवर कोड असतो, तो स्कॅनरनं भरावा लागतो. सगळं नीट केलं. इतकं नीट काम मी क्वचित केलं असेल.

१७३० ला मिलिंद चावी घ्यायला आला.

“भाऊ, माह्या गाडीले काय केलं?”

“सर्व्हिसिंग.”

“ट्रायल?”

“मी घेतली.”

“बरोबर हाय ना?”

“ओके आहे.”

त्यानं सही केली. बॉनेटवर दोनदा थाप मारली.

दुसऱ्या दिवशी ०७१० ला तो वर गेला. गाडी कुठं अडली नाही. ०९३० ला इन्स्पेक्शनसाठी आमच्या गाड्यांची लाइन उभी राहिली. राशनची पिकअप पहिल्या सेल्फला सुरू झाली. इन्स्पेक्शनवाले साहेब खूश दिसले.

पोस्टवर एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. त्याला गाडीपर्यंत उतरवायला ११०० झाले, आणि आल्यावर तो गरम राहावा म्हणून मिलिंदनं आधीच अर्धा तास हीटर लावून गाडी सुरू ठेवली. मग त्याला घेऊन निघाला. ११२० ला वर्कशॉपच्या टेबलावरचा वायरलेस सेट वाजला.

“मोड चार. गाडी बंद. पेशंट को स्ट्रेचर पे आगे भेज दिया. नर्सिंग असिस्टंट और एस्कॉर्ट साथ हैं. मैं गाडी देखता हूँ. ओव्हर.”

मोड चार म्हणजे रस्त्याचं चौथं वळण, वरून दगड येतात ते. तिथं ‘रुकना मना है’ असा बोर्ड आहे.

मला माहीत होतं काय बंद पडलंय. गाडी सोड आणि चालत ये, एवढंच सांगायचं होतं. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, तुला इथं बसून कसं कळलं? इन्स्पेक्शनवाले साहेब चार पावलांवर होते. सुभेदार साहेब माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, “फ्यूज चेक कर. ओव्हर.”

“रॉजर.”

११२६. “आधे हो गए. सब ठीक. ओव्हर.”

११३१. सेटवर तो नेहमी हिंदीच बोलायचा. या वेळी नाही.

“भाऊ, समदे फ्यूज बरोबर हायेत. काय झालं असंल बाप्पा?”

मी बटण दाबलं. “गाडी सोड. पळ.”

उत्तर आलं नाही. ११३२ ला दगडांचा आवाज खाली आमच्यापर्यंत आला.

स्ट्रेचरवरचा जवान वाचला. मिलिंद गाडीच्या डाव्या बाजूला सापडला, जिथं फ्यूज बॉक्स असतो तिथं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, गाडी ऑन रोड होती का? मी म्हटलं, होती, साब. जॉब कार्ड दाखवलं. त्यावर दोघांच्या सह्या होत्या. पहाड कोसळून मृत्यू, असं लिहिलं गेलं. इन्स्पेक्शनचा शेरा ‘व्हेरी गुड’ आला. पुढं मी हवालदार झालो.

पेन्शन घेतल्यावर मी आसेगावला गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो. मिलिंदचे वडील श्रीपतबाबा अंगणात वांगी निवडत होते. मी नाव सांगितलं तसे उठले आणि माझे दोन्ही हात धरले. “तूच तो कोल्हापूरवाला? माहा पोट्टा तुही लय गोष्ट सांगे.” आईनं भाकरी आणि ठेचा वाढला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोघं हसली. तिखटानं आलं असं त्यांना वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

मी चंदगडला परत गेलो नाही. बाबांनीच ओळख काढून वाशिम जिल्ह्यातल्याच मालेगावात, वाशिम रोडला जागा बघून दिली, तिथं गॅरेज टाकलं. परक्या मुलखात या घरानं मला मुलासारखं धरलं. दर रविवारी जेवायला बोलावणं. प्रत्येक वेळी ताटावर बसताना ठरवायचो. आज सांगू. आज नको. अशी सहा वर्षं गेली.

या उन्हाळ्यात बाबा त्यांची पिकअप घेऊन गॅरेजवर आले.

“जय भीम, हवालदार. गाडी रस्त्यात बंद पडून राह्यली ना. थंडी झाली का चालू होते. भेंड्या सुकून गेल्या समद्या.”

मी बॉनेट उघडायच्या आधीच मला कळलं होतं. नवा कॉम्प्युटर मागवला. तिसऱ्या दिवशी आला. बाबा बाजूला स्टुलावर बसले होते. मी जुना काढला, नवा बसवला, चावी जोडली, कोड भरले. जुना डबा हातात राहिला.

“बाबा, मिलिंदच्या गाडीत असाच डबा होता. खराब. मीच बसवला होता.”

मग सगळं सांगितलं. वेळांसकट.

“त्यानं इचारलं होतं तुले?”

“विचारलं होतं.”

“तू काय म्हणला?”

“ओके.”

त्यांनी तो डबा माझ्या हातातून घेऊन स्टुलाखाली ठेवला.

“मंग सहा वर्सं काहून नाई सांगतलं?”

“तुम्ही मला जेवायला वाढत होता, बाबा. ते बंद होईल अशी भीती वाटली.”

ते उठले आणि गाडीत बसले. “चाल. गरम ट्रायल घे.”

मालेगाव ते आसेगाव मी गाडी चालवली. बाहेर ऊन भाजत होतं. तापमानाचा काटा वर चढला, गाडी कुठं अडली नाही. बाबा समोर बघत होते. घरापाशी मी इंजिन बंद करायला हात नेला.

“राहू दे चालू.”

वीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. मग त्यांनी स्वतःच चावी फिरवून काढून घेतली.

आई दारात आली. “हवालदार, ये ना. जेवाले बस.”

“त्याले काम हाय,” बाबा म्हणाले, आणि आत गेले.

मी फाट्यापर्यंत चालत आलो आणि बस धरली. गॅरेजवर येऊन जॉब कार्ड भरलं. माझी सही केली. ड्रायव्हरच्या सहीची जागा रिकामी आहे. रविवार येऊन गेला, बोलावणं आलं नाही.

लान्स नायक मिलिंद. आसेगाव, जिल्हा वाशिम. वय सत्तावीस. सांगितलेले सगळे फ्यूज त्यानं तपासले. सगळे बरोबर होते.