रुमालाखालचा हात

"याचा हात नको," शेठ म्हणाला आणि रुमालाखालून आपला हात काढून घेतला.

वाशीमच्या बाजारातलं अडतीचं दुकान. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला परदेशी व्यापार हा विषय होता. इथला तीळ मुंबईला आणि तिथून बोटीनं परदेशात कसा जातो, ते बघून अहवाल लिहायचा. त्यावर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं. तिळाचा सौदा तेव्हा रुमालाखाली व्हायचा. दोघं एकमेकांचा हात धरून बोटं दाबायचे, त्यावरून भाव ठरायचा. शेठनं एकेका पोराचा हात घेऊन ते शिकवलं. अकरा पोरं झाली. बारावा मी.

"याची माय आमच्याइथं तीळ चाळते," शेठ पोरांना म्हणाला. पोरं हसली. आम्ही बौद्ध. धर्म बदलला तरी शेठच्या लेखी आम्ही तेच होतो.

"तू नुसतं बघ," सर म्हणाले.

कोपऱ्यात माय चाळणी घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. मला तिचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तिनं चाळलेला तीळ साता समुद्रापार लोक खातात. माझा हात मात्र गावातल्या रुमालाखाली चालत नाही.

घरी ती म्हणाली, "चूप राय बापा. शेटनं काढलं तं मले दुसरं काम कोन देईन?"

ती खरं बोलत होती. तोंड उघडलं तर मायचं काम जाणार, मिटलं तर मी आतल्या आत मरणार. दोन रात्री नुसता तळमळत पडलो. मग लिहिलं: शेठनं बारावा हात धरला नाही, कारण तो बौद्धाचा होता.

सरांनी वाचलं. "हे खोड. लगेच सही करतो."

"नाही खोडत, सर."

सरांनीच शेठला सांगितलं असणार. त्याच आठवड्यात मायचं काम गेलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. सही मिळाली नाही, वर्षही गेलं. तिच्यासोबत वाशीमजवळच्या मालेगावच्या रस्त्यावर खडी फोडायला मी जाऊ लागलो.

पुढच्या वर्षी पुन्हा फी भरली. तोच विषय, तेच सर. अहवालाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मी तेच वाक्य लिहिलं आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवली.